किंमत यंत्राची, मोल हाताचे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचाही आला. वय वर्षे अठ्ठावीस, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. जेवणे झाल्यावर तो बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता, तो एकदम कोपऱ्यातल्या कपाटापाशी थबकला. त्या कपाटावर क्रोशाचे कव्हर घातलेली एक वजनदार पेटी आहे. तिच्यावर विजेची बिले, औषधांची पिशवी आणि अंगाऱ्याची पुडी असा आमचा संसार मांडलेला असतो. भाच्याने तो सगळा संसार अलगद बाजूला ठेवला, कव्हर काढले, मोबाइलवर चार फोटो घेतले आणि दहा मिनिटांनी मान वर करून म्हणाला, "मामा, ह्याचे आज चाळीस हजार येतील. चालू असेल तर जास्तच."

चाळीस हजार हा आकडा ऐकून बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ते धूड एकदा भंगारवाल्याला द्या" असा गेली तीस वर्षे तिचा धोशा होता. आता तिने कव्हर स्वतः घडी करून ठेवले आणि पेटीकडे, पाहुण्याकडे पाहावे तसे पाहिले.

ही पेटी म्हणजे स्टिरिओ रिसीव्हर. नव्या पिढीतल्या वाचकांना हा शब्द परका वाटेल म्हणून सांगतो. रेडिओची स्टेशने पकडणारा ट्यूनर, तबकडीच्या पिनेतून येणारा अगदी क्षीण आवाज उचलणारा प्रीअँप्लिफायर आणि तो वाढवून स्पीकरला देणारा अँप्लिफायर या तिन्ही गोष्टी ज्या एकाच पेटीत बसवलेल्या असतात, तो रिसीव्हर. त्याला मागच्या बाजूने रेकॉर्ड प्लेअर जोडायचा, टेप जोडायचा, दोन स्पीकर जोडायचे. पुढच्या बाजूला चंदेरी ॲल्युमिनियमची पट्टी, लांबलचक उजळणारी डायल आणि ओळीने बटणे. स्टेशन लावायच्या बटणामागे जड चक्र असते. बटणाला एक झटका दिला की काटा डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप घरंगळत जातो. लहानपणी आम्हा मुलांना गाण्यापेक्षा त्या घरंगळण्याचेच अप्रूप जास्त होते.

आमचा रिसीव्हर कोणत्या कंपनीचा, ते मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर उद्या सकाळी दारात गिऱ्हाईक उभे राहायचे. कंपनी जपानी, नामांकित, एवढे पुरे. माझा मामा बोटीवर इंजिनखात्यात होता. १९७७ साली त्याने तो न्यूयॉर्कच्या बंदरात विकत घेतला आणि खलाशांच्या मदतीने गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवला. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. त्यामुळे रिसीव्हरबरोबर वीज उतरवणारा एक वेगळा ट्रान्सफॉर्मरही आणावा लागला होता. "एकाला आणला आणि त्याच्या बायकोलाही," असे मामी म्हणाली होती.

मामीला तो पहिल्या दिवसापासून खटकला. त्याची किंमत तीनशे डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार रुपयांच्या वर. कस्टमची ड्यूटी वेगळीच. तेव्हा सोने तोळ्याला पाचशेच्या आसपास होते. "ह्यात माझ्या पाच तोळ्यांच्या पाटल्या झाल्या असत्या," हे वाक्य मामीने १९७७पासून मामा १९९९ साली जाईपर्यंत किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही.

गंमत म्हणजे मामाने जे यंत्र एवढ्या हौसेने आणले, त्यातले निम्मे आपल्याकडे निरुपयोगी होते. डायलचा मोठा भाग एफएमचा आणि आपल्या देशात एफएम प्रथम सुरू झाले ते त्याच वर्षी, पण मद्रासला. गिरगावात त्या पट्टीवर टोकापासून टोकापर्यंत नुसती खरखर. मध्यम लहरींवर आकाशवाणी आणि विविध भारती लागे, ती आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवरही लागतच होती. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायची तर सिलोन हवे आणि सिलोनसाठी शॉर्टवेव्ह हवी. या परदेशी पाहुण्याला शॉर्टवेव्हच नव्हती! त्यामुळे बुधवारी आठ वाजले की मामाच्या खोलीत जमलेली सगळी मंडळी उठून शेजारच्या खोलीतल्या जुन्या रेडिओपाशी जात आणि मामा आपल्या उजळलेल्या डायलसमोर एकटा बसे.

पण रेकॉर्ड लावली की चित्र पालटायचे. किशोरीताईंच्या भूपाची तबकडी मामाने लावली, तेव्हा तानपुरा स्पीकरमधून येत नव्हता, तो खोलीत होता. चाळीच्या गॅलरीत माणसे कठड्याला टेकून उभी राहत. ज्यांच्याकडे पाणी भरण्यावरून मामीचे भांडण होते, त्या बाईही येऊन उंबऱ्यात बसत. यंत्र कशासाठी असते, हे मला तिथे कळले. त्याची किंमत कळायला मात्र भाऊबीज उजाडावी लागली.

ही यंत्रे इतकी दणकट का झाली, याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत १९६१च्या जून महिन्यात एफएमवर स्टिरिओ प्रसारण सुरू झाले आणि घरात बसून दोन कानांनी दोन बाजूंचे संगीत ऐकण्याची सोय झाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात पूर्वेकडे असलेल्या अमेरिकी सैनिकांना लष्करी दुकानांत जपानी सामान स्वस्तात मिळे. त्यांनी घरी परतताना पायोनियर, सान्सुई अशी नावे बरोबर नेली. मॅरान्झ हे नाव मूळचे अमेरिकेचे, पण त्याचे बहुतेक रिसीव्हरही जपानमध्येच तयार होऊ लागले. बाजार वाढला तशी जाहिरातीतली थापेबाजीही वाढली. क्षणभर निघणारी ताकद मोजून "दोनशे वॉट" असे छापायचे, प्रत्यक्षात यंत्राला पन्नासही झेपायचे नाहीत. अखेर १९७४ साली अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने नियम केला. यंत्र आधी एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवायचे आणि मग दोन्ही चॅनेल एकदम चालवून सतत किती वॉट निघतात, तेवढेच छापायचे.

वाचकांना हा नियम रुक्ष वाटेल. पण आज लोक ज्या जुन्या रिसीव्हरांसाठी जीव टाकतात, त्यांच्यातला दणकटपणा बऱ्याच अंशी या एका नियमाचे देणे आहे. अँप्लिफायर सर्वात जास्त तापतो तो पूर्ण ताकदीवर नव्हे, तर साधारण एक तृतीयांश ताकदीवर. तिथे तासभर टिकायचे तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पन्हळी पट्ट्या मोठ्या हव्यात, ट्रान्सफॉर्मर जड हवा, सगळाच माल सकस हवा. थापा बंद झाल्यावर कंपन्यांची खरी चढाओढ लागली. १९७८ साली पायोनियरने एसएक्स-१९८० हा रिसीव्हर काढला. दर चॅनेलला २७० वॉट, वजन पस्तीस किलो, किंमत साडेबाराशे डॉलर. दिवाणखान्यात गाणी ऐकायला एवढ्या ताकदीची कोणालाच गरज नव्हती. पण सरकारने सक्ती केली म्हणून प्रामाणिकपणा आला आणि प्रामाणिकपणातून दणकटपणा आला, अशी उदाहरणे जगात फार नाहीत.

पुढे चार-पाच वर्षांत हा डोलारा कोसळला. कच्चा माल महागला, लोकांची आवड बदलली. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. रिसीव्हर काळे, हलके, प्लास्टिकचे झाले. अमेरिकेतले ते चंदेरी हत्ती आधी तळघरात गेले, मग धर्मादाय दुकानांत दहा-वीस डॉलरला विकायला आले, काही सरळ रस्त्याच्या कडेला ठेवले गेले. आपल्याकडे बोटीवरच्या आणि आखातातल्या मंडळींनी आणलेले असे रिसीव्हर माळ्यावर चढले आणि घर बदलताना भंगारात निघाले. भंगारवाल्याला त्यातले संगीत नको होते. ट्रान्सफॉर्मरमधले तांबे आणि मागचे ॲल्युमिनियम तो वजनावर घेई.

आणि मग वारे फिरले. मेली म्हणून सोडून दिलेली तबकडी जिवंत झाली. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीतून सीडीपेक्षा जास्त पैसा आला, ही गोष्ट १९८६नंतर प्रथमच घडली. २०२२ साली तर नगांच्या संख्येतही तबकडीने सीडीला मागे टाकले. (आमच्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसला मात्र हा सुदिन दिसला नाही, ते २०१६ साली बंद झाले.) तबकडी आली म्हणजे ती वाजवणारे यंत्र हवे. चांगला फोनो भाग, जड ट्रान्सफॉर्मर, लाकडी पेटी हे सगळे नव्याने करायचे तर खर्च परवडत नाही. जुने आहे ते मोजकेच, त्यात दरवर्षी काही जळणार, काही फुटणार. माल घटता आणि गिऱ्हाईक वाढते. मग भाव चढणार नाही तर काय होईल? त्यात टाळेबंदीच्या दोन वर्षांत घरी बसलेल्या माणसांना बापाच्या माळ्याची आठवण झाली. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर पूर्वी हे धूड कोण नेणार म्हणून दुकानदार वैतागायचा. आता तोच दुकानदार खिशातून मोबाइल काढून परदेशातला भाव दाखवतो आणि "साहेब, बघून घ्या," म्हणतो.

आता भावाचा हिशेब जरा नीट मांडू. साडेबाराशे डॉलरचा तो रिसीव्हर आज उत्तम स्थितीत, आतून पूर्ण दुरुस्त केलेला असेल तर काही हजार डॉलरला जातो. ऐकून छाती दडपते. पण १९७८चे साडेबाराशे डॉलर म्हणजे महागाई धरली तर आजचे जवळपास सहा हजार. म्हणजे ज्याने तेव्हा नवा घेऊन सत्तेचाळीस वर्षे जपला, त्याला फार तर आपले पैसे परत मिळाले. कमाई झाली ती मधल्या काळात वीस डॉलरला उचलणाऱ्याची. "भाव दसपट झाला" असे म्हणताना आपण मोजणी खड्ड्याच्या तळापासून सुरू करतो आणि खड्ड्याच्या काठाला शिखर समजतो. आमच्या घरातला हिशेब तर याहून सोपा. मामाच्या रिसीव्हरचे आज चाळीस हजार. मामीच्या न झालेल्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांचे आज पाच लाखांहून जास्त. गुंतवणूक म्हणून पाहिले तर मामी शंभर टक्के बरोबर होती, हे मी इथे जाहीरपणे नोंदवतो. तेव्हा कोणी तरुण मित्र कर्ज काढून जुने रिसीव्हर साठवायच्या विचारात असेल तर त्याने आधी आपल्या मामीला विचारावे.

तरीही माझी तक्रार भावाबद्दल नाही. भाव आला म्हणून ही यंत्रे भंगारच्या तराजूतून सुटली. ज्या वस्तूला किंमत नाही ती आपण जपत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. माझ्या घरात तिच्यावर विजेची बिले होती, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला? माझी तक्रार वेगळी आहे. यंत्राची किंमत वाढली. ते यंत्र जिवंत ठेवणाऱ्या हाताची किंमत मात्र आहे तिथेच राहिली.

जुना रिसीव्हर ही काही तांब्याची परात नव्हे, की घासली आणि मांडणीवर ठेवली. त्यातले कंडेन्सर, म्हणजे हल्लीच्या भाषेत कॅपॅसिटर, आतून ओलसर असतात आणि वर्षानुवर्षांत सुकत जातात. न वापरता बंद ठेवले तरी ते बिघडतातच. आवाजाच्या बटणाखालची कार्बनची पट्टी काळवंडते आणि खरखर सुरू होते. स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे टोक जळते आणि एक बाजू मुकी होते. मूळचे ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत. बाजारात त्याच नंबरचे शिक्के मारलेले नकली मिळतात, ते घातले की पहिल्याच तानेला धूर. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेली वस्तू एक तर जाणकार हाताखालून जायला हवी किंवा ती शोभेची पेटी आहे हे मान्य करायला हवे.

विकणाऱ्यांपैकी काहींना ही गोष्ट पक्की ठाऊक असते. ते पुढची पट्टी चकचकीत करतात, डायलचे जळालेले दिवे बदलतात, लाकडाला तेल लावतात आणि "चालू स्थितीत" म्हणून विकतात. दिवे लागणे म्हणजे चालू असणे नव्हे. घेणाऱ्याने यंत्र तासभर वाजवून पाहावे, दोन्ही बाजू सारख्या येतात का ते ऐकावे, बटणे फिरवावीत. यंत्र कोणत्या देशासाठी बनवले होते, हेही विचारावे. जपानच्या घरगुती बाजारातला रिसीव्हर १०० व्होल्टवर चालतो. त्याची एफएमची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झची आणि आपली स्टेशने ८८च्या पुढे १०८पर्यंत. मोठ्या हौसेने मागवायचा आणि आमच्या मामासारखे खरखर ऐकत बसायचे. काही व्यापारी तर याच्याही पुढे गेले आहेत. सबंध रिसीव्हरपेक्षा त्याची बटणे, मीटर, काच, लाकडी पेटी सुटी विकली तर जास्त पैसे येतात, म्हणून चालते यंत्र मोडून विकतात. एका यंत्राच्या सुट्या भागांवर चार यंत्रे जगतात, हे खरे. पण चालत्या यंत्राचे तुकडे करणाऱ्याला मी तरी संग्राहक म्हणणार नाही.

आणि इथे मला माझा स्वतःचा एक अपराध सांगायचा आहे. २००४ साली आमच्या रिसीव्हरची डावी बाजू बंद पडली. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत जिन्याखाली एक दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर डबे. पाटी नव्हती. सगळे त्या गृहस्थांना मास्तर म्हणत. त्यांनी रिसीव्हर उघडला, पण वीज सरळ दिली नाही. मध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून दिली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. "बल्ब मंद झाला म्हणजे आत शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला असता तर तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला म्हणायचे," ते म्हणाले. मग आतला नकाशा मागितला. मामाने तो जपून ठेवला होता. त्या काळी कंपन्या आपल्या यंत्रांच्या सर्व्हिसची पुस्तके काढत. प्रत्येक भागाचा नंबर आणि कुठे किती व्होल्ट यायला हवेत, ते त्यांत छापलेले. मास्तरांनी दोन तास त्या कागदावर बोट ठेवून मीटर लावून पाहिला, एक रिले साफ केला, पाच कंडेन्सर बदलले. डावी बाजू गाऊ लागली. मास्तरांनी सहाशे रुपये सांगितले आणि मी, सरकारी नोकरीत बरा पगार असलेला माणूस, साडेचारशे म्हणालो. मास्तर पाचशेवर थांबले. मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि बायकोला ती शंभराची हकीकत सांगितलीही.

आज तो शंभर रुपयांचा विजय मला बोचतो. कारण मी एकटाच तसा नव्हतो. मास्तरांनी नंतर एकदा हसत हसत सांगितले होते, की ऐंशी हजारांचे यंत्र घेऊन येणारा माणूस दोन हजारांच्या मजुरीवर अर्धा तास घासाघीस करतो. "यंत्राचा भाव त्यांना पाठ असतो. माझा भाव त्यांना दरोडा वाटतो." मास्तरांचा मुलगा या धंद्यात आला नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. एके काळी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून मुले बाहेर पडत, गल्लोगल्ली त्यांची दुकाने होती. वस्तू बिघडली की दुरुस्त करायची असते, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. आता नव्या स्पीकरच्या पेटीला स्क्रूच नसतो. ती चिकटवलेली असते. बिघडली की फेकायची. २०२२च्या डिसेंबरमध्ये आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, ते योग्यच झाले. पण हक्क मिळाला तरी बजावायला हात हवेत. दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही, तर त्या हक्काचे करायचे काय?

म्हणून संग्राहक मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे. यंत्राला भाव देता तसा कारागिराला द्या. चाळीस हजारांची वस्तू घेताना तिच्या चौथाई रकमेची दुरुस्ती आधीच हिशेबात धरा आणि ती देताना कपाळाला आठी नको. ज्याला शक्य आहे त्याने घरातल्या एका मुलाला मास्तरांच्या स्टुलाशेजारी बसवावे. आणि यंत्र कुलपात ठेवू नका. वाजवा. न वाजवलेल्या यंत्राचा भाव चढत असतो तेव्हा आतले कंडेन्सर सुकत असतात. त्यांना बाहेरचा भाव कळत नाही.

भाच्याला मी उत्तर दिले ते असे. "विकायचा नाही. तुला हवा असेल तर फुकट ने. पण आधी माझ्याबरोबर मास्तरांकडे यायचे." रिसीव्हर पुन्हा खरखरू लागला होता, म्हणून तर त्याच्यावर बिले येऊन बसली होती. मास्तरांचे दुकान २०२०च्या टाळेबंदीत बंद झाले ते कायमचे. आता ते नालासोपाऱ्याला घरीच, बाल्कनीत, थोडेफार काम करतात. आम्ही दोघे पेटी घेऊन लोकलने गेलो. रविवारची गर्दी कमी, तरी एका बाकावर तिची जागा अडवल्याबद्दल लोकांचे बोलणे ऐकावे लागलेच.

मास्तरांनी कव्हर काढले, तोच बल्ब, तोच नकाशा. पण आता त्यांचा हात थरथरतो. सोल्डरिंगचे टोक त्यांना नेमके धरता येत नाही. त्यांनी ते भाच्याच्या हातात दिले. "आधी जोड तापव, मग तार लाव. तारेवर टोक नाही ठेवायचे." भाच्याचा पहिला जोड मास्तरांनी भिंगातून पाहिला आणि "थंड आहे, काढ," म्हणाले. दुसराही काढायला लावला. तिसऱ्याला फक्त मान हलवली. संध्याकाळी चार वाजता बल्ब मंद झाला, रिलेचा 'टक्' आवाज आला आणि नालासोपाऱ्याच्या त्या बाल्कनीत एफएमचे एक स्टेशन खणखणीत लागले. १९७७ साली मुकी असलेली ती पट्टी आता टोकापासून टोकापर्यंत बडबडते आहे. मामाला हे ऐकायला मिळाले असते तर त्याने मामीला हाक मारून बोलावले असते.

"किती द्यायचे?" मी विचारले. "आठशे द्या," मास्तर म्हणाले. मी दोन हजार ठेवले. त्यांनी ते मोजले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि खिशात घातले. जुना शंभर रुपयांचा हिशेब त्यांच्या लक्षात होता की नाही, ते मी विचारले नाही. भाचा पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाला. गेल्या चार महिन्यांत तो पुण्याहून पाच वेळा येऊन गेला आहे. किती दिवस येईल, ते सांगता येत नाही. पण त्याने आता मोबाइलवर भाव पाहणे कमी केले आहे.

परतताना वाटेत आम्ही मामीकडे गेलो. ती आता पंच्याऐंशी वर्षांची आहे, कांदिवलीला मुलाकडे असते. पेटी पाहून तिने नाक मुरडले. घरात जुना रेकॉर्ड प्लेअर होता, तो जोडला आणि मामाची तबकडी लावली. तबकडीवर ओरखडे आहेत, मधूनमधून कडकड आवाज येतो. मामी डोळे मिटून ऐकत होती. भाच्याने उत्साहाने तिला सांगितले, "आजी, ह्याला आता चाळीस हजारांच्या वर किंमत येईल."

"पाटल्याच बऱ्या होत्या," मामी डोळे न उघडता म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज जरा मोठा कर."